दम आधी येतो, नडगी मागून

पहाटे साडेपाचला अकोल्याच्या वसंत देसाई क्रीडांगणावर जा, नाहीतर अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर. धावणारे दोन तऱ्हेचे लोक दिसतील. एक म्हणजे भरतीची पोरं. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, सेकंदासेकंदाला गुण असतात, त्यामुळे ही पोरं जीव तोडून धावतात. दुसरे म्हणजे चाळिशी-पन्नाशीचे. पोटाला घट्ट झालेला टी-शर्ट, मुलीने वाढदिवसाला दिलेले बूट, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. शाळेत चारशे मीटर धावलेले, कॉलेजात खो-खो खेळलेले. मग नोकरी आली, घराचे हप्ते आले, पोरांचे क्लास आले, आणि एके दिवशी रक्ताच्या रिपोर्टमध्ये साखरेच्या आकड्यापुढे एक छोटी चांदणी आली.

या दुसऱ्या गटाची गोष्ट बहुतेक वेळा एकाच वळणाने जाते. पहिल्या आठवड्यात अर्ध्या फेरीतच धाप लागते. तिसऱ्या आठवड्यात फेरी पूर्ण होते. पाचव्या आठवड्यापर्यंत दोन-तीन किलोमीटर सहज होतात, अंगात विसाव्या वर्षाचं वारं शिरतं, आणि गडी भरतीच्या पोरांमागे लागतो. मग एका सकाळी नडगी ठणकते, नाहीतर अंथरुणातून उठताना टाच जमिनीला टेकवत नाही. बूट माळ्यावर जातात. घरातले म्हणतात, आता वय झालं.

वय झालं असतं तर महिन्याभरात दम परत कसा आला? आणि शरीर सुधारतच होतं, तर अगदी बरं वाटायला लागलं तेव्हाच ते का मोडलं?

याचं कारण असं की शरीर सगळं एकदम परत येत नाही. रक्त काही दिवसांत बदलतं, हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत, शिरा आणि हाडं काही महिन्यांत. धामणगाव तालुक्यातल्या तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहिलेल्याला हे फार समजावून सांगावं लागणार नाही. जुवाला एका बाजूला तरणा गोऱ्हा आणि दुसऱ्या बाजूला संथ बैल जुंपला, तर गोऱ्हा ओढत नेतो आणि मान सोलते दुसऱ्याची. अशी जोडी तयार करताना शहाणा धुरकरी वेग संथ बैलाचा धरतो. पुन्हा धावायला लागलेल्या माणसात दम हा गोऱ्हा असतो आणि नडगी हा संथ बैल. आपण मात्र वेग ठरवतो तो दमावरून.

तीन आठवडे खाटेवर

आधी दमाकडे बघू, कारण तिथे बातमी चांगली आहे.

१९६६ साली अमेरिकेत डॅलसला एक विलक्षण प्रयोग झाला. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे सलग खाटेवर झोपवून ठेवलं. आधी आणि नंतर त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता मोजली. जीव तोडून धावताना शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, तो हा आकडा. आपण ज्याला ढोबळपणे दम म्हणतो, त्याच्या सर्वांत जवळचं हे माप. तीन आठवड्यांत ते सुमारे २७ टक्क्यांनी घसरलं.

खरी गंमत पुढे आहे. त्याच पाच जणांना ३० वर्षांनी पुन्हा बोलावलं. आता ते पन्नाशीत होते. सरासरी वजन ७७ किलोवरून १०० किलोवर गेलेलं, अंगातली चरबी दुप्पट झालेली. दम मात्र विशीतल्या मूळ आकड्यापेक्षा ११ टक्केच कमी होता. तीस वर्षांच्या वयाने नेलं त्याच्या दुपटीहून जास्त तीन आठवड्यांच्या खाटेने नेलं होतं. मग त्यांना सहा महिने चालणं, हळू धावणं, सायकल असा व्यायाम दिला आणि तो वाढवत वाढवत आठवड्याला साडेचार तासांपर्यंत नेला. सहा महिन्यांनी त्यांचा दम विसाव्या वर्षीच्या मूळ आकड्यावर परत आला.

माणसं पाचच होती, सगळे पुरुष होते, आणि विशीत कसून सराव केल्यावर त्यांनी जी उंची गाठली होती तिथे पन्नाशीत कुणीच पोहोचलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. तरी आपण ज्याला वय म्हणतो त्यात बसून राहण्याचा वाटा केवढा मोठा असतो, हे इतकं स्वच्छ दाखवणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही.

दम परत येतो तो असा. धावायला लागल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढतो. रक्त वाढलं की हृदयाचा कप्पा प्रत्येक ठोक्याला जास्त भरतो आणि एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर जातं. तेवढ्याच वेगाला ठोके कमी पुरतात. दुसऱ्या आठवड्यात ‘आज जरा हलकं वाटलं’ असं जे वाटतं, ते बहुतांशी या रक्ताचं काम असतं. त्यापाठोपाठ पुढच्या काही आठवड्यांत मांडी-पोटरीच्या स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं, आणि मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीच्या आत प्राणवायू वापरून इंधन जाळणारे सूक्ष्म भाग, संख्येने आणि आकाराने वाढतात. फुप्फुसं यात फारशी बदलत नाहीत. निरोगी माणसाची फुप्फुसं सहसा कमी पडलेलीच नसतात. कमी पडलेला असतो तो प्राणवायू पुढे नेणारा आणि वापरणारा कारभार.

नडगीत काय चाललेलं असतं

आता संथ बैलाकडे येऊ.

धावताना प्रत्येक पावलागणिक जमिनीकडून पायावर शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट जोर येतो. सत्तर किलोच्या माणसाला दर पावलाला दीडशे-दोनशे किलो. मिनिटाला दीडशेच्या वर पावलं पडतात. वीस मिनिटांत तीन हजारांहून जास्त वेळा हा भार कधी डाव्या, कधी उजव्या नडगीतून वर जातो. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो, त्यामुळे भार याच्या निम्म्याच्या आसपास राहतो. दहा वर्षं रोज सकाळी अमरावतीच्या छत्री तलावापर्यंत फिरून येणारा माणूसही धावण्याच्या दृष्टीने नवखा असतो तो यामुळे. त्याचं हृदय तयार असतं, नडगी नसते.

हाड आपल्याला निर्जीव वाटतं, पण ते सतत मोडून पुन्हा बांधलं जात असतं. नवा भार आला की हाडातल्या काही पेशी आधी जुनं, थकलेलं हाड खणून काढतात. हे काम दोन-तीन आठवड्यांत उरकतं. मग दुसऱ्या पेशी येतात आणि ते खड्डे नव्या हाडाने भरतात. त्याला तीन महिने किंवा जास्त लागतात. म्हणजे खणणं लवकर होतं आणि भरणं सावकाश. मधल्या काळात, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून पुढे, हाड आधीपेक्षा किंचित पोकळ असतं. ते मजबूत होण्याच्या वाटेवर असतं, पण वाटेत आधी कमजोर होतं. आणि नेमका हाच काळ दम परत आल्याचा असतो. गडी अंतर दुप्पट करतो ते याच आठवड्यांत.

ही गोष्ट नवी नाही. १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांब कवायती करणाऱ्या नव्या सैनिकांच्या पायांत असं दुखणं नोंदवलं होतं. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा अजून चाळीस वर्षं होती. पुढे कळलं की तो हाडाला गेलेला केसासारखा तडा होता. आजही सैन्यभरतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तरणीताठी पोरं याच कारणाने लंगडतात. विशीतल्या शिपायाचं होतं ते पंचेचाळिशीच्या बँक कर्मचाऱ्याचं झालं, तर दोष वयावर का टाकायचा?

टाचेमागच्या जाड शिरेची कथा आणखी मजेदार आहे. पोटरीचा स्नायू टाचेला बांधणारी ही शीर पाय टेकताना ताणली जाते, त्यात शक्ती साठते आणि पाय उचलताना ती परत मिळते. धावणं परवडतं त्याला या शिरेचा मोठा हातभार असतो. या शिरेला रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून ती सावकाश बदलते. किती सावकाश, ते डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं. १९५०-६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला होता आणि तो त्या काळात वाढणाऱ्या मुलांच्या शरीरात मुरला. त्याच्या खुणा तपासल्यावर कळलं की या शिरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि पुढे जवळपास बदलतच नाही. बारावीला असताना टाचेत जो गाभा होता, तोच आज आहे. बाहेरचा भाग भाराला जुळवून घेतो, पण महिन्यांच्या हिशेबाने. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा सावकाश खाली सोडणं आणि वर उचलणं हा रुक्ष व्यायाम मी धावण्याइतकाच महत्त्वाचा मानतो. तो करताना कुणी फोटो काढत नाही, म्हणून बहुधा तो मागे पडला असावा.

आणखी एक दुखणं यातून वेगळं काढलं पाहिजे. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याचे शिवभक्त गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीने, अनवाणी, सुमारे १८ किलोमीटर चालत राजराजेश्वराला आणतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शहरातली कितीतरी मंडळी जिना धरून उतरताना दिसतात. हे स्नायूंचं दुखणं. सवय नसलेल्या कामाने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, सूज येते, आणि ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतो. लॅक्टिक आम्लामुळे पाय दुखतात ही समजूत जुनी आहे, पण ते तर तास-दोन तासांत रक्तातून निघून जातं. स्नायूंचं दुखणं दोन्ही पायांत, पसरलेलं असतं आणि चार-पाच दिवसांत आपोआप जातं. पहिल्या आठवड्यात ते येणारच. अमरावतीच्या मालटेकडीच्या उतारावर धावलात तर जास्त येणार, कारण उतारावर स्नायूला ताणला जात असतानाच शरीर आवरून धरावं लागतं.

हळू म्हणजे किती हळू

व्यवहारात सगळं येऊन थांबतं ते वेगापाशी.

धाप का लागते? आपल्याला वाटतं प्राणवायू कमी पडला. प्रत्यक्षात श्वासाची निकड वाढवतो तो मुख्यतः रक्तात साचणारा कार्बन डायऑक्साइड. एका मर्यादेपर्यंतच्या वेगाला स्नायू प्राणवायूच्या आधाराने इंधन जाळतात आणि जमाखर्च जुळत राहतो. ती मर्यादा ओलांडली की घाईचा मार्ग जास्त वापरला जातो, रक्तात आम्लता वाढते, ती मारण्यासाठी आणखी कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि मेंदू श्वास जोरात चालवतो. बोलायला श्वास लांबवून सोडावा लागतो, म्हणून ही मर्यादा ओलांडल्यावर सर्वांत आधी तुटतं ते बोलणं.

त्यामुळे घड्याळापेक्षा भरवशाची कसोटी म्हणजे गप्पा. सोबत्याला कापसाचा भाव, पोराचा निकाल, सुनेचं माहेरपण अखंड वाक्यांत सांगता आलं तर वेग बरोबर आहे. ‘हो… ना… भाऊ’ असं तुटक निघालं तर जास्त झाला. एकटे असाल तर पसायदान म्हणून पाहा, ओळीच्या मध्येच श्वास घ्यावा लागतो का ते.

पहिले काही आठवडे हा वेग इतका कमी भरतो की लाज वाटते. शेजारून आजोबा झपझप चालत पुढे जातात. जाऊ द्या. रक्तवाहिन्या दाट होणं, मायटोकॉन्ड्रिया वाढणं हे सगळं या वेगालाही घडतं आणि नडगीवरचा भार आवाक्यात राहतो. एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं वीस-पंचवीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा, एक दिवस आड. पुढे धावण्याचं मिनिट वाढवत जायचं आणि दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा मुद्दाम कमी करायचा, म्हणजे हाडाला भरून निघायला उसंत मिळते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या आवारातले झाडीचे रस्ते किंवा अमरावती विद्यापीठाकडचा मार्डी रोड यासाठी चांगले. तिथे भरतीची पोरं कमी असतात आणि ईर्षेला खाद्य मिळत नाही.

मऊ मातीवर धावलं तर पायाला धक्का कमी बसतो असं सर्रास सांगतात. ते अर्धंच खरं आहे. जमीन मऊ असली की शरीर आपोआप पाय ताठ ठेवतं आणि जमीन कडक असली की गुडघा जास्त वाकवतं, त्यामुळे एकूण धक्क्यात वाटतो तेवढा फरक पडत नाही. आपल्या काळ्या मातीचं तर विचारूच नका. मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की घोटा मुरगळावा, आणि जुलैत एकेका बुटाला शेर-शेर चिखल चिकटतो. सपाट, ओळखीचा रस्ता बरा.

> चौकट : कुणी आधी डॉक्टर गाठावा, कुणी मध्येच थांबावं
>
> मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असेल, किंवा घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर धावायला लागण्याआधी तपासून घ्यावं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर धावल्यावर साखर एकदम खाली जाऊ शकते. डोस आणि न्याहारी यांची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवावी, खिशात साखरेची पुडी ठेवावी आणि रोज रात्री तळपाय बघावेत. धावताना छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे कळ, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबून मदत मागावी. नडगीवर बोटभर जागेत नेमकं दुखतं, दाबलं की कळ येते, रात्री झोपेतही ठणकतं, असं असेल तर हाडाला तडा असू शकतो. पहिल्या काही आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये तो बहुधा दिसत नाही. एक्स-रे चांगला आला म्हणून धावत सुटू नये.

गुडघे झिजतात का?

लग्नात, बारशात, तेराव्याला, कुठेही धावण्याचा विषय काढा, कुणीतरी म्हणतंच, गुडघे जातील. २०१७ साली आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून एक हिशेब मांडला गेला. गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात हौसेने धावणाऱ्यांत ३.५ टक्के, बसून राहणाऱ्यांत १०.२ टक्के, आणि स्पर्धेसाठी वर्षानुवर्षं घासणाऱ्यांत १३.३ टक्के आढळला. ज्यांचे गुडघे आधीच दुखरे होते त्यांनी धावणं सोडलं असेल आणि त्यामुळे आकडा थोडा गोंडस दिसत असेल, हे मान्य. पण हौशी धावण्याने गुडघे झिजतात म्हणणाऱ्यांच्या बाजूने हे आकडे नक्कीच नाहीत. सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. भार येणं आणि जाणं यातूनच तिच्यात पोषक द्रव आत-बाहेर होतो. भारच आला नाही तर तिचं पोषण खुंटतं. वजन फार जास्त असेल किंवा गुडघ्याला जुनी इजा असेल तर गोष्ट वेगळी. अशांनी आधी काही महिने चालावं.

मे महिना आणि श्रावण

पुण्या-मुंबईची धावण्याची वेळापत्रकं जशीच्या तशी इथे चालत नाहीत, त्याला कारण आपला उन्हाळा. मे महिन्यात अकोल्याचं नाव देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या यादीत येतं, पारा ४५च्या वर जातो, आणि डांबर रात्रभर उष्णता सोडत राहतं.

धावताना खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण तीन-चतुर्थांश उष्णता बनते. सत्तर किलोचा माणूस तासाला आठ किलोमीटर वेगाने धावला तर तासाला साडेपाचशेच्या आसपास कॅलरी जळतात आणि त्यातल्या चारशेहून जास्त निव्वळ उष्णतेच्या असतात. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो जवळपास ५८० कॅलरी घेऊन जातो. म्हणजे तासाला पाऊण लिटरच्या आसपास घाम वाळला तर शरीर थंड राहतं. इथे ‘वाळला’ हा शब्द महत्त्वाचा. टपकून खाली पडलेला घाम काहीच थंड करत नाही.

म्हणून वऱ्हाडात एक उलटी गोष्ट अनुभवाला येते. मेमधली कोरडी पहाट, पारा तिशीच्या जवळ असूनही, श्रावणातल्या दमट पहाटेपेक्षा पुष्कळांना सुसह्य वाटते. मेमध्ये घाम लगेच वाळतो. श्रावणात तो अंगावरून नुसता ओघळतो आणि हृदयाचे ठोके वाढत राहतात. मेची गोम वेगळी. घाम दिसत नसल्यामुळे किती पाणी गेलं ते कळत नाही. आणि सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो, सातला तर उन्हाचा चटका लागतो. उन्हाळ्यात पाचला बाहेर पडून सहा-सव्वासहाला घरी येणं एवढीच खिडकी उरते. डिसेंबरात मात्र उजाडायला पावणेसात होतात, तेव्हा अंधारात धावण्यापेक्षा अंथरुणात पडून राहिलेलं बरं, असं माझं मत.

शरीर उन्हालाही सरावतं. दहा ते चौदा दिवस रोज थोडं थोडं उष्णतेत हललं की घाम लवकर सुटायला लागतो, जास्त सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. प्लाझ्मा पुन्हा थोडा वाढतो. मार्चपासून धावत असलेला माणूस एप्रिल काढतो तो यामुळे. एसीच्या ऑफिसातून थेट मे महिन्यात सुरुवात करणाऱ्याला ही सवलत मिळत नाही. तहान लागेल तसं पाणी प्यावं, घरी आल्यावर मीठ-जिरं घातलेला मठ्ठा घ्यावा, इतकं तासाभराच्या आतल्या धावण्याला पुरतं. बाटल्याच्या बाटल्या पाणी रिचवल्याने रक्तातलं मीठ पातळ होतं आणि त्यानेही माणूस आजारी पडतो.

हातात काय पडतं

वजन कमी होईल म्हणून जे धावतात त्यांची निराशा सर्वांत आधी होते. एक किलोमीटर धावायला दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी लागते. सत्तर किलोच्या माणसाला तीन किलोमीटरमध्ये दोनशे दहा. रविवारी धावून झाल्यावर मित्रांबरोबर एक कचोरी खाल्ली की हिशेब फिटला, आणि पुढे गिला वडा आला की उधारी सुरू.

साखरेचा हिशेब मात्र फायद्याचा आहे. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. एरवी रक्तातली साखर स्नायूत शिरायला इन्सुलिन लागतं. पण स्नायू आखडत-सैल होत काम करायला लागला की पेशीच्या आत साठून असलेली साखर-वाहक प्रथिनं इन्सुलिनची वाट न पाहता पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि साखर आत ओढतात. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीरातही हे घडतं. धावणं थांबल्यावर पुढचा एखाद-दुसरा दिवस स्नायू इन्सुलिनला जास्त दाद देतात. एक दिवस आड धावण्याचा आणखी एक फायदा तो असा.

किती धावलं म्हणजे पुरे? अमेरिकेत ५५ हजारांहून जास्त प्रौढांची सरासरी १५ वर्षं नोंद ठेवून २०१४ साली एक अहवाल आला. धावणाऱ्यांत कोणत्याही कारणाने मरण्याचं प्रमाण ३० टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचं ४५ टक्क्यांनी कमी होतं. रोज पाच-दहा मिनिटं, तेही हळू धावणाऱ्यांनाही मोठा लाभ दिसत होता. जे धावतात ते इतर बाबतींतही जपून राहत असतील, तेव्हा सगळं श्रेय धावण्याला देऊ नये. पण मॅरेथॉनच धावली पाहिजे या दडपणाखाली असलेल्यांनी हे वाचून सुटकेचा श्वास सोडायला हरकत नाही.

धावून झाल्यावर जो निवांतपणा येतो त्याचं श्रेय वर्षानुवर्षं एंडॉर्फिनला दिलं गेलं. पण हे रेणू रक्तातून मेंदूत सहजी शिरत नाहीत. २०२१ साली जर्मन संशोधकांनी एंडॉर्फिनचा परिणाम औषधाने रोखून लोकांना धावायला लावलं, तरी त्यांना बरं वाटायचं थांबलं नाही. आता संशय आनंदामाइड आणि त्याच्या जातीच्या इतर रेणूंवर आहे. ते शरीर स्वतःच बनवतं, आणि ते मेंदूत सहज पोहोचतात. मध्यम वेगाला अर्ध्या-पाऊण तासाने रक्तात त्यांचं प्रमाण वाढलेलं दिसतं. याहून साधं कारणही असेल म्हणा. त्या वेळात कुणाचा फोन येत नाही.

लोक काय म्हणतील, आणि कुत्री

अमरावतीला व्यायाम परका नाही. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं होतं. पण आपल्या मनात व्यायाम हा पोरांचा. संसारी माणूस धावताना दिसला की चहाच्या टपरीवरून विचारणा होतेच, ‘काहून पयता भाऊ, भरती-गिरती हाय काय?’ बाईमाणूस असेल तर विचारणा होत नाही, नुसतं पाहिलं जातं, आणि ते जास्त जड जातं. म्हणून बायका दोघी-तिघींनी मिळून धावतात, पंजाबी ड्रेसवर धावतात, मैदानाच्या आतच धावतात. खरं तर रजोनिवृत्तीनंतरच्या काही वर्षांत बायकांची हाडं झपाट्याने विरळ होतात, तेव्हा हाडावर भार टाकणाऱ्या व्यायामाची गरज त्यांनाच जास्त. हाडाला खणून भरायला तीन महिने लागतात हे एकदा कळलं, की चाळिशीतच सावकाश सुरुवात करणं किती शहाणपणाचं ते वेगळं सांगायला नको. विरळ हाडांचं निदान आधीच झालेलं असेल तर मात्र धावण्याआधी डॉक्टर, आणि तोवर चालणं.

कुत्र्यांवर माझ्या माहितीत तरी विज्ञानाकडे काही उतारा नाही. धावणारं काही दिसलं की ती मागे लागतात, थांबून त्यांच्याकडे तोंड करून हळूहळू मागे सरकलं की बहुधा नाद सोडतात. गल्ली बदलणं उत्तम.

राहिला प्रश्न खंडाचा. लग्नसराई, पाहुणे, ताप, सोयाबीनची सोंगणी, खंड पडतोच. आठवड्याभराच्या खंडाने काही बिघडत नाही. दोन आठवड्यांनी प्लाझ्मा उतरलेला असतो, पहिले दोन-तीन दिवस धाप जास्त लागते आणि मग जमतं. महिना-दीड महिना गेला असेल तर दम काही आठवड्यांत जागेवर येईल, पण वेळापत्रक निम्म्यावरून उचलावं. ताप येऊन गेला असेल तर तो उतरल्यावर आठवडाभर फक्त चालावं, आणि डेंग्यू किंवा चिकुनगुन्या असेल तर डॉक्टर सांगतील तोवर. चिकुनगुन्याने सांधे महिनोन्‌महिने धरतात, तिथे ओढाताण करून उपयोग नाही.